दुसऱ्याच्या गुडघ्यातला आवाज

पहिला आवाज कस्तुरी साळोखेचा स्वतःचा होता. त्याबद्दल कधी कुणाला शंका आली नाही, कारण तो अर्ध्या मैदानाने ऐकला होता.

खो-खोचा उपांत्य सामना होता. समोरची मुलगी खांबाशी हुलकावणी देऊन वळली. तिला गाठायला कस्तुरीने उजवा पाय मातीत रोवला आणि अंग फिरवलं. अंग फिरलं, पाऊल काही फिरलं नाही. दोघांच्या मधल्यामध्ये गुडघ्यात वाळकी काटकी मोडावी तसा फट् आवाज झाला आणि ती आडवी झाली.

दुखलं ते जीव जाईल असं, पण थोडाच वेळ. मग ती उठली, लंगडत का होईना बाकापर्यंत चालत गेली. चालता येतंय म्हणजे मोडलेलं काही नाही, असा सगळ्यांनी एकमताने निकाल देऊन टाकला. "लचकलंय, दुसरं काय," संघाचे प्रशिक्षक इंगवले सर म्हणाले. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. गल्लीतल्या तालमीत कुस्तीगिरांची अंगं रगडणाऱ्या एका काकांनी तो तेल लावून चांगला चोळून दिला, त्यामुळे तो आणखी सुजला. काही आठवड्यांनी सूज उतरली, सरळ रस्त्याने चालणं जमायला लागलं आणि घरात सगळे हुश्श म्हणाले. एक दिवस मागून कुणीतरी हाक मारली म्हणून ती वळली, तेव्हा गुडघा जागच्या जागी निसटला. दुखण्यापेक्षा ते निसटणं भयंकर होतं. ज्याच्यावर आपण उभे आहोत तेच आपलं नाही, असं तिला वाटलं आणि ती भिंतीला धरून बराच वेळ तशीच थांबली.

डॉक्टर हेरवाडकरांनी तिला उताणं झोपवलं. गुडघा थोडासा वाकवून त्यांनी एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगीचं हाड वर ओढलं. डावा गुडघा ओढला तर तो एका जागी ठक्कन अडला. उजवा ओढला तर हाड नुसतं सरकतच गेलं.

"पडताना आवाज, त्याच दिवशी सूज आणि आता वळताना निसटतो," डॉक्टर म्हणाले. "आतले फोटो काढू आपण, पण मला उत्तर माहीत आहे. एसीएल गेलंय. गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट."

कस्तुरीची आई शेजारीच बसली होती. तिला या गोष्टी नव्या नव्हत्या. रोहिणी साळोखे पन्हाळ्याच्या एका शाळेची व्हॅन चालवायची. दोन वर्षांपूर्वी पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला तेव्हा तिचा वाकलेला उजवा गुडघा स्टिअरिंगखालच्या पत्र्यावर आपटला होता. ना आवाज झाला, ना धड सूज आली. तिने आठवडाभर तशीच गाडी चालवली. जिना उतरताना पाय भरवशाचा वाटेना, तेव्हा कुठे ती दवाखान्यात आली आणि मागचं लिगामेंट तुटल्याचं कळलं. पुढचं तुटताना ओरडतं, मागचं गपचूप जातं, असं हेरवाडकरांनी तेव्हा सांगितलं होतं.

"आईला बसवलाय तोच हिलाही बसवू," डॉक्टर म्हणाले. "सोबती."

सोबती म्हणजे काय, हे इथे थोडं समजून घ्यायला हवं. लिगामेंट हा दोन हाडांना बांधून ठेवणारा नुसता दोर नसतो. त्याच्या आत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. गुडघा किती वाकला, किती पिळला, ताण कुठे आला, याच्या बातम्या ती मेंदूला अखंड पुरवत असतात. जुन्या शस्त्रक्रियेत तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीतलीच एक दोरी काढून बसवत. त्यामुळे दोर परत यायचा, पण बातम्या देणारे परत यायचे नाहीत. माणूस चालायचा, पळायचासुद्धा, पण त्याच्या मनातून धास्ती जायची नाही. सोबतीने नेमकी ही उणीव भरून काढली होती. कृत्रिम धाग्यांचा तो एक घट्ट पीळ होता आणि त्यात केसाहून बारीक संवेदक विणलेले होते. धाग्यावर धोक्याचा ताण येऊ लागला की मेंदूला कळायच्या आत मांडीमागच्या स्नायूंना इशारा जायचा, ते आखडायचे आणि हाड सरकायचं थांबायचं.

कंपनी एवढ्यावर थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण प्रत्येक सोबती आपल्या बातम्या कंपनीच्या संगणकाकडेही पाठवत असे. कुणाचा धागा कुठल्या हालचालीत ताणला गेला हे तिथे जमा व्हायचं आणि रात्री सगळे झोपले असताना तो धडा बाकीच्या गुडघ्यांना मिळायचा. एकाला लागलेल्या ठेचेने सगळे शहाणे होत. पुढे कुणीतरी विचारलं, रात्रीपर्यंत कशाला थांबायचं? म्हणून धडे त्याच क्षणी पोचू लागले. मग लक्षात आलं की स्नायू शिकतात, माणूस शिकत नाही, तो पुन्हा तसाच वेडावाकडा वळतो. म्हणून कंपनीने धड्यासोबत त्या दुखण्याची थोडी चवही पाठवायला सुरुवात केली. चटका बसल्याशिवाय पोर विस्तवाला भीत नाही, तसलाच हा विचार होता. ज्याचा धागा जेवढा तुटे, तेवढी चव बाकीच्यांना कळे. आणि हे सगळं लागू पडत होतं, हीच खरी पंचाईत होती. गुडघ्याच्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्या. कोल्हापुरात गल्लीगल्लीत सोबती असलेले गुडघे फिरू लागले.

कस्तुरी वर्षभरात मैदानावर परतली, ती आधीपेक्षा भारी होऊन. संघाची कर्णधार होती नसीमा मुजावर, कस्तुरीची पाचवीपासूनची मैत्रीण. तिच्या गुडघ्यातही सोबतीच होता.

दुसरा आवाज आला तेव्हा कस्तुरी बसलेली होती.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठजणी मधल्या पट्टीवर ओळीने उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी धावते. धावणारीने मागून येऊन पाठीवर हात मारला आणि "खो" म्हटलं की बसलेलीने सुटायचं आणि हात मारणारीने तिच्या जागी बसायचं. कस्तुरी सरावात अशीच बसली होती, अजिबात न हलता. एकाएकी उजव्या गुडघ्यात फट् झालं. तोच आवाज, तीच कळ. ती बाजूला कोलमडली. मान वळवून पाहते तो पलीकडे धावणारी नसीमाही गुडघा धरून मातीत पडलेली!

दोघींना एकाच रिक्षात घालून हेरवाडकरांकडे नेलं. त्यांनी दोघींचे गुडघे ओढून पाहिले, वाकवून पाहिले, फोटो काढले. दोन्ही गुडघे ठणठणीत होते.

"डॉक्टर, मी आवाज ऐकला," कस्तुरी म्हणाली.

"ऐकला असशील. पण तो तुझ्या गुडघ्यातला नव्हता." त्यांनी समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचलं. "हिमाचलमध्ये एक वनरक्षक दरडीवरून घसरला. त्याचा सोबती अर्धा फाटला. तुम्हाला त्याची चव मिळाली, एवढंच."

"अर्धा फाटल्यावर एवढं?" नसीमाने विचारलं. "मग अख्खा तुटला तर?"

"अख्खा अजून कुणाचा तुटलेला नाही," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तिलाही कळ आली होती. "कुणाचं तरी गेलं बघ आज," ती म्हणाली. "असं झालं की मी मनात म्हणते, देवा, त्याचं बरं कर. आणि आपल्या कामाला लागते."

कस्तुरीला तसं कामाला लागता येईना. तिने आपल्यापुरता एक नियम बांधला. आवाज दुसऱ्याचा असेल तर सूज येणार नाही, स्वतःचा असेल तर संध्याकाळपर्यंत येईल. मग गुडघ्यात बारीकशी टकटक झाली तरी ती दिवसभर तळव्याने गुडघा चाचपत राही. जेवताना एक हात ताटात आणि दुसरा गुडघ्यावर. संध्याकाळी गुडघा सपाट दिसला की तिच्या जिवात जीव येई. कुठल्याशा अनोळखी माणसाचं मोडलं, आपलं नाही, याचा तिला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाजही वाटायची.

पावसाळा संपता संपता तो नियमही बुडाला. एका दुपारी कळ आली आणि संध्याकाळी गुडघा खरोखरच सुजला. ती रडतच दवाखान्यात गेली. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

"सूज नसांमुळेही येऊ शकते," हेरवाडकर म्हणाले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा ठाम नव्हता. "धोक्याची बातमी नसेने पुन्हा पुन्हा आणली की शरीर तिच्यावर विश्वास ठेवतं. रक्तवाहिन्या सैलावतात, पाणी साचतं. तुझ्या गुडघ्याने दुखापतीची नक्कल करायची कला शिकून घेतली आहे."

"पण तुम्ही हाताने ओढून बघताय ना? ते तरी खरं?"

डॉक्टरांनी तिचा गुडघा अलगद खाली ठेवला. "स्नायू सैल असतील तर खरं. सोबती धोका दिसला की स्नायू आवळून धरतो. उद्या तुझा धागा खरोखर तुटत आला, तरी माझ्या हाताला गुडघा घट्टच लागेल. आणि फोटोत या धाग्यांची बारीक फाट दिसत नाही."

म्हणजे आवाजावर भरवसा नाही, सुजेवर नाही, डॉक्टरांच्या हातावर नाही आणि यंत्रावरही नाही. स्वतःचा गुडघा मोडलाय की नाही, हे जगात कुणीच तिला सांगू शकत नव्हतं.

"बंद करा हे," ती म्हणाली.

"घेणं बंद करता येतं. म्हणजे दुसऱ्यांचं तुला काही कळणार नाही. देणं बंद होत नाही. तुझं दुसऱ्यांना कळतच राहणार. करारातच आहे तसं."

तिने घेणं बंद करून घेतलं. नसीमाने करून घेतलं नाही. "मला आधी कळलेलं बरं की," ती म्हणाली. आणि आईला करताच येत नव्हतं, कारण मुलांच्या गाडीच्या ड्रायव्हरचा सोबती जोडलेलाच पाहिजे, अशी शाळेची अट होती.

पुढचे काही आठवडे कस्तुरीच्या गुडघ्यात अशी शांतता होती की तिला रात्री गाढ झोप लागायला लागली. तिने सरावात सूर मारले, खांबावर झेप घेतली. आंतरजिल्हा स्पर्धेची अंतिम फेरी कोल्हापुरातच होती आणि तिचा संघ त्या फेरीत पोचला.

फेरीच्या दोन दिवस आधी सरावात तिने खांबाला वळसा घातला आणि गुडघ्यात टक् झालं.

मोठं नव्हतं. बोट मोडल्यावर होतो तेवढाच आवाज. ती थांबली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पलीकडे नसीमाने नुसता गुडघा चोळला, असल्या कळांची तिला आता सवय झाली होती. घेणं बंद होतं, तेव्हा हे कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. तरी तिने मनाची समजूत घातली की माती घसरली असेल, पाय नीट पडला नसेल.

संध्याकाळी कस्तुरी खायला बसली असताना आई आली, चप्पल काढून पाटावर बसली आणि हसत म्हणाली, "आज फजिती झाली गं माझी. डेपोच्या वळणावर गुडघा एकदम लटकला. ब्रेकवरचा पायच सटकला. गाडी पुढच्या रिक्षाला टेकता टेकता राहिली. पोरी मागं खिदळायला लागल्या, म्हणे काकूंना झोप आली."

"कधी?" कस्तुरीने विचारलं.

"सुटताना. ऊन उतरलं होतं तेव्हा."

कस्तुरीचा घास हातातच राहिला. आईने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. हसू तिच्या तोंडावरून हळूहळू गेलं.

"तुझं होतं व्हय ते?" तिने विचारलं.

कस्तुरीने मान हलवली. गाडीत पंधरा-वीस पोरी असतात. बारीक टक् झालं तर ब्रेकवरचा पाय सटकतो. हे अख्खं तुटलं तर काय होईल, हे दोघींच्याही डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि दोघींनीही ते तोंडाने उच्चारलं नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पळू नकोस, सोमवारी ये, उघडून बघू. कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की मॅडम, तुमच्या अनुभवाचा हजारो लोकांना फायदा होतोय.

"तू परवा गाडी नको चालवू," कस्तुरी आईला म्हणाली.

"आणि पोरींना कोण आणणार? महिनाभर नाचायला लागल्यात, ताईचा खेळ बघायचा म्हणून. दुसरा ड्रायव्हर लग्नाला गेलाय." आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू पळू नकोस, मी गाडी चालवते. मिटलं की नाही?"

"नाही पळत. तुझी शप्पथ."

ही शपथ तिने अगदी मनापासून घेतली होती. पुढे जे झालं ते तिच्या मनात नव्हतं, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

सामन्याच्या दिवशी ती साध्या कपड्यांत मैदानावर गेली. इंगवले सर तोंड पाडून उभे होते. एका मुलीला ताप होता, दुसरीचा घोटा मुरगळला होता. बदली एकही उरली नव्हती. कस्तुरीला धरून बरोबर नऊजणी होत्या.

"नऊ नसतील तर सामना त्यांना जातोय," सर म्हणाले. "कस्तुरी, मी तुला पळ म्हणत नाही. आक्रमणाला फक्त पट्टीवर बस. संरक्षणाला तुझी तिघींची तुकडी शेवटची ठेवतो, तिथवर वेळ येणारच नाही."

"सर, मी आईला शब्द दिलाय."

"बसायला काय होतंय? बाकावर बसतीस ती पट्टीवर बस."

नसीमाने तिला बाजूला घेतलं. अंतिम फेरीत कर्णधार म्हणून ती पहिल्यांदाच उतरत होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "कस्तु, तुला कुणी खो देणार नाही. मी सगळ्यांना सांगते. तू तिथं नाहीसच असं समजून खेळायचं. मूर्तीसारखी बस फक्त. बसतीस ना?"

कस्तुरीने आईला फोन लावला. आई पन्हाळ्यावर पोरींना गाडीत बसवत होती. मागे नुसता कलकलाट चालला होता.

"आई, मी पळणार नाहीये. पण नऊ पूर्ण होत नाहीत म्हणून पट्टीवर बसणार आहे. मला कुणी खो देणार नाही."

पोरींचा कलकलाट तेवढा ऐकू येत राहिला.

"आई?"

"बसणारेस," आई म्हणाली. "बरं. सामना फोनवर दिसतोय ना? बस तू. मी निघते."

पन्हाळ्याहून खाली यायचा रस्ता घाटाचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, काही ठिकाणी तोही नाही. कस्तुरीने तो शंभरदा पाहिला होता. पट्टीवर उकिडवी बसताना तिला मैदान दिसेना, फक्त त्या रस्त्याची वळणं दिसू लागली.

सामना सुरू झाला. मुलींनी शब्द पाळला. कस्तुरीच्या आधीच्या मुलीला खो मिळे, नंतरच्या मुलीला मिळे. वारा सुटला की शेतातल्या बुजगावण्याभोवतीचं पीक हलतं आणि ते मात्र उभंच राहतं, तशी ती त्या पळापळीत बसून राहिली. समोरच्या संघाच्याही ते ध्यानात आलं. त्या पोरी काही कच्च्या नव्हत्या. या चौकोनातली उठत नाही म्हटल्यावर त्या नेमक्या तिच्याच शेजारून आत-बाहेर करू लागल्या. एकीने तर पार होताना तिच्याकडे बघून जीभ दाखवली. कस्तुरीने दात आवळले आणि मनात म्हटलं, आता शिवारात उतरली असेल गाडी. नाही, अजून नसेल उतरली. अजून घाटातच असेल.

शेवटचं आक्रमण आलं. बरोबरीला एक गडी हवा होता, जिंकायला दोन. पाठीमागे नसीमा धावत होती. कस्तुरीला ती दिसत नव्हती, पण तिची पावलं ऐकू येत होती. बारा वर्षं ती पावलं तिने पाठीने ऐकली होती. त्यांच्या वेगावरून समोरची मुलगी किती दूर आहे हेही तिला कळत असे. आता ती मुलगी अगदी जवळ होती. नसीमा तिच्यावर येत होती. मुलगी पट्टीतून घुसली, कस्तुरीच्या उजव्या अंगाला घासून पार झाली आणि दमून क्षणभर तिच्या समोरच थांबली, अगदी हाताच्या अंतरावर.

नसीमाने नंतर शपथेवर सांगितलं की आपण काय केलं ते तिला कळलंच नाही. जिथून मुलगी पार होते तिथल्या पाठीवर हात जातो. विचार करून जात नाही. विचार करून जाणारा हात खो-खोत कधीच वेळेवर पोचत नाही.

पाठीवर थाप पडली. "खो!"

आणि कस्तुरी उठली.

ती उठली तेव्हा तिच्या मनात आई नव्हती, घाट नव्हता, शपथ नव्हती. मनात काही यायला वेळच नव्हता. पाठीवर हात पडला की उठायचं, हे तिच्या अंगाला शाळेत असल्यापासून शिकवलेलं होतं. कुणी झोपेत थाप मारली असती तरी ती अशीच उठली असती. उजवा पाय रोवला गेला, खांदा वळला, हात पुढे गेला आणि त्या मुलीच्या दंडाला लागला. गडी बाद झाला. मग तिला आठवलं. तोवर पाऊल मातीत होतं आणि अंग फिरत होतं.

आवाज पहिल्या वेळेसारखाच होता. वाळकी काटकी.

पडता पडता तिने पाहिलं. तिच्या मोकळ्या झालेल्या जागेत बसायला आलेली नसीमा गुडघा धरून ओरडत कोसळली. समोरच्या संघातल्या दोघी एकदम खाली बसल्या. पंचांपैकी एकजण शिट्टी तोंडात धरूनच आडवे झाले. प्रेक्षकांत पायऱ्या उतरणारा एक माणूस पुढच्यांच्या अंगावर जाऊन पडला. सगळं एकाच क्षणी झालं. कुणी कुणाला धक्का लावला नव्हता. जे उभे राहिले होते ते भेदरून एकमेकांकडे बघत होते.

"फोन," कस्तुरी ओरडली. "माझा फोन द्या!"

इंगवले सरांनी पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. तिची बोटं मातीने आणि घामाने माखली होती. दोनदा नंबर चुकला. मग घंटी वाजायला लागली. वाजत राहिली. गुडघ्यातली कळ तिला जाणवतच नव्हती. आई, उचल, एवढंच ती म्हणत होती. मोठ्याने म्हणत होती हे तिला ठाऊक नव्हतं.

"हां," पलीकडून आईचा आवाज आला. धाप लागलेला होता, पण आईचाच होता.

"आई! गाडी? पोरी?"

"पोरी बऱ्या आहेत. गाडी उभी आहे. रड नको." आई कण्हली आणि पुन्हा बोलायला लागली. "तुमचं आक्रमण सुरू झालं की दर वेळी मी गाडी बाजूला घेत होते, आत्ताही घेतली. डोंगराकडच्या अंगाला. चावी काढून ठेवली. पोरींना फोनवर खेळ दाखवत होते."

"का पण? मी म्हटलं होतं ना, उठणार नाही म्हणून?"

"तू म्हटली होतीस खरं," आई म्हणाली. "पण तू चालायला लागली तेव्हापासून बघते मी तुला. पाठीवर खो पडल्यावर तू बसून राहशील, हे मला देवाने येऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं."

कस्तुरीला हुंदका आवरेना. भीती अशी एकदम ओसरली की अंगात काही उरलंच नाही. तिने कपाळ मातीला टेकवलं. गुडघा आता सुजायला लागला होता, खरा सुजायला लागला होता, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"सारखं दुखतंय का गं?" आईने विचारलं. "मला कळलं बघ. या वेळी कुणाचं गेलं म्हणून विचारायला लागलं नाही."

"आई, मला माफ कर."

"गप. थांब जरा." आईचा आवाज फोनपासून दूर गेला. ती पोरींना काहीतरी सांगत होती, आतच बसा, कुणी उतरायचं नाही असं. मग कस्तुरीला तो ऐकू आला. आधी वाटलं फोनचाच आवाज आहे. कुठल्यातरी मोठ्या गाडीचा हॉर्न होता आणि तो मधे तुटत नव्हता.

"वरच्या वळणावर आहे," आई फोनशी येऊन म्हणाली. "मघापासून वाजतोय. आणखी एक आहे खालच्या अंगाला. कुणाचा पाय गेला असेल गं."

"आई, तू नको जाऊ. तुला चालता येणार नाही."

"गाडीला धरून धरून जाते. इथं दुसरं कुणी नाही. फोन चालू ठेव." दार उघडल्याचा आवाज झाला. मग आई हळू आवाजात म्हणाली, कस्तुरीला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी, "देवा, त्याचं बरं कर."

मैदानावर लोक धावत होते, पडलेल्यांना उचलत होते, नसीमा तिला हाका मारत होती. कस्तुरीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. हॉर्न वाजतच राहिला.